शिळं पाणी

आमच्याकडे नळाला पाणी येतं पाचव्या दिवशी,
तेही रात्री अडीचला.
आलं की आधी घरात उरलेलं
शिळं म्हणून मोरीत ओतायचं, ही रीत.

मी पाणीपट्टी विभागात आहे, खिडकी क्रमांक तीन.
दिवसभर लोक विचारतात, पाणी कुठंय,
जणू मी ते पदराआड धरून बसलेय.
घरी आले की टीव्हीशेजारचं कॅलेथिया.
ते विचारत नाही काही.
पानांच्या कडा तपकिरी करून घेतं,
विडी टोकाला जळत यावी तशी.

आधी वाटलं ऊन. पडदा ओढला.
मग वाटलं कमी पडतंय. तांब्याभर जास्त.
मग तळमजल्यावरचे येमूलमामा वर आले,
साखर पेठेतल्या डाय-हाउसमध्ये पस्तीस वर्षं रंगारी,
नखांच्या मुळाशी अजून निळं.
झाडाकडे त्यांनी पाहिलंच नाही.
म्हणाले, "पाणी दाखवा."

तीन बाटल्या मांडल्या.
बोअरचं. नळाचं.
आणि फिल्टरच्या मागच्या नळीतून टाकाऊ निघतं ते.
मी तेच घालत होते इतके दिवस,
वाया जाऊ नये म्हणून.

त्यांनी साबणाची वडी मागितली,
सुरीनं किसून चिमूट-चिमूट टाकली, झाकणं लावली, हलवली.
बोअरच्या पाण्याला फेसच नाही,
वर नुसती फाटल्या दुधासारखी साय.
"जड आहे. ह्यात लाल टाकला की विटकरी निघतो,
आणि रोजी आमची कापली जाते."
टाकाऊला त्यांनी जीभ लावली
आणि उठून चूळ भरून आले.
"बाई, गोडं तुम्ही पिता, आणि खारं ह्याला?"

मला माझी खिडकी आठवली.
बोलले नाही.

नळाचं चालेल, म्हणाले, पण आजचं आज नको.
औषधाचा वास उडू दे.
रुंद तोंडाचं पातेलं, वर फडकं,
एक रात्र, जमलं तर दोन.
तळाचं बोटभर ओतू नका, त्यात गाळ बसतो.
आणि माठातलं गारढोण तर नकोच, मुळं दचकतात.
"आम्हीही टाकीत बसवायचो आधी.
बसलेलं पाणी सुताशी भांडत नाही."

"म्हणजे शिळंच की," मी.
"आमच्यात निलव नीळ्ळु म्हणतात," ते हसले.
"उभं राहिलेलं."

मेमध्ये मोठी जलवाहिनी फुटली.
त्रेचाळीस अंश, आठ दिवस कोरडे.
खिडकीवर एकानं रिकामी घागर आणून ठेवली,
काही न बोलता, आणि रांगेतून निघून गेला.
ती संध्याकाळपर्यंत तिथंच होती, माझ्याकडे तोंड करून.
घरी श्रीकांत पातेली मोजत होते.
झाडाच्या पातेल्याशी थांबले.
मीच उचललं, फडकं काढलं,
आणि पिण्याच्या पिंपात रिकामं केलं.
त्या रात्री पानं मिटली, सकाळी नीट उघडली नाहीत.

नवव्या संध्याकाळी येमूलमामा दारात,
हातात दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, काठोकाठ.
चौकातल्या एटीएमच्या एसीची नळी गळते,
तिच्याखाली दुपारभर धरलेली.
वॉचमनला विड्यांचं एक बंडल द्यावं लागलं.
"ह्यात मीठ नाही, चुना नाही, काहीच नाही.
म्हणून नुसतं देऊ नका.
नळाचं आलं की अर्धं मिसळा. आज चालेल."

मातीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं.
हळूहळू ओतलं, कुंडीच्या कडेकडेनं,
खालच्या बशीत थेंब उतरेपर्यंत.
उरलेल्या बाटलीवर मार्करनं वार लिहिला: गुरुवार.
सकाळी पाहिलं तर खाली श्रीकांतचं अक्षर:
पिऊ नये.

जुन्या कडा जळाल्या त्या जळाल्या.
मधोमध एक नवं पान गुंडाळलेलं आहे,
सुताच्या कांडीसारखं घट्ट. उलगडेल तेव्हा कळेल.

काल रात्री अडीचला नळ खोकला,
आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ.
सवयीनं पातेलं उचललं, मोरीपर्यंत गेले,
तशीच उभी राहिले.
तळमजल्यावरही कुणीतरी
भांडं जमिनीवर अलगद टेकवल्याचा आवाज आला.