येणे

हायवेवरच्या फलकावर एक वकील हसतो.
त्याचे दात टोलेडोतल्या कुठल्याही घरापेक्षा
नीट रंगवलेले.
वेंडेल कुचमार्स्कीने त्याला फोन लावला,
ट्रकमध्ये बसून, काचा वर करून.
एक दाबा, म्हणाला आवाज. मग चार दाबा.
मग व्हायोलिन.
अकरा मिनिटं ऐकलं त्याने,
मग फोन ठेवला.

चुलतभावासाठी विचारतोय, असं म्हणत
त्याने ग्लेन ऑबर्टला गाठलं, बोलिंगच्या हॉलमध्ये.
ग्लेनचं दिवाळं दोनदा वाजलेलं.
(आपल्या भाषेत निदान ते वाजतं तरी.
इथे ते टपालाने येतं, खिडकीच्या पाकिटात,
आणि शेजाऱ्याला कळत नाही.)
ग्लेनने चेंडू पुसला, बोटं भोकांत घातली.
सांग चुलतभावाला, फलकावरचा नको,
तो इथे राहतसुद्धा नाही.
लॅग्रेंज स्ट्रीटला जा म्हणावं, लाँड्रीच्या वर,
रेनाटा ऑयलर.
इथल्या जजचा सकाळचा मूड तिला ठाऊक आहे,
कुठली बँक ओरडते आणि कुठली चावते, तेही.
रडू देते, पण थोडंच.
आणि चुलतभावाला सांग,
बूट पुसून जायची गरज नाही.

जिन्याखाली ड्रायर गरगरत होता,
कुणाच्या तरी शर्टाचं बटण लोखंडावर
टिक, टिक.
वर रेडिएटर ठोके देत होता.
आधी फी, म्हणाली रेनाटा,
पैसे नाहीत हे सिद्ध करायलाही पैसे लागतात,
हा नियम मी केलेला नाही.
त्याने विसाच्या नोटा मोजल्या. होडी विकली, म्हणाला.
कधी? कुणाला? कितीला?
तिने तेही लिहून घेतलं.

मग प्रकरणं. सातवं म्हणजे पाटी कोरी,
तेरावं म्हणजे पाच वर्षं हप्ते.
(तेरावं म्हटलं की आपल्याला गोडाचं जेवण आठवतं,
आणि पानासमोर गप्प बसलेला माणूस.
त्याला काही आठवलं नाही.)
सातवं, म्हणाला तो.

चार कार्डं. ट्रक. हॉस्पिटलची अठरा बिलं,
सगळी मार्जीच्या शेवटच्या नोव्हेंबरची.
प्रत्येक पानावर सही,
हात जराही हलला नाही.

तुम्हाला कुणाकडून येणं आहे?

ड्रायर थांबला.
शपथेवर आहे हे, वेंडेल.

त्याने जाकिटातून वही काढली,
कडांना भट्टीची काजळी.
मिसेस डोम्ब्रोस्का, ब्लोअरची मोटर, एकशे ऐंशी, ईस्टरला देईन म्हणाल्या.
चर्चचं तळघर, बॉयलर, पुन्हा बॉयलर.
वियारेआल, जुळी बाळं, रात्रीचे दोन, बाहेर उणे चार,
आणि रकमेच्या जागी नुसती रेघ.
एकवीस हिवाळे.

रेनाटा पानं उलटत राहिली, मग चष्मा सरकवला.
मुदत केव्हाच उलटलीय. वसुली शक्य नाही.
लिहा, शून्य.

तिथे पेन अडलं.
पंचाऐंशी हजारांवर अडलं नव्हतं.
शून्य नाही, म्हणाला तो.
मग किती?
तो बराच वेळ रेडिएटरकडे बघत बसला.
डोम्ब्रोस्का मार्चमध्ये गेली, म्हणाला,
तिचं नाव काढा.
आणि शून्य काढलं, सावकाश,
पाइपाचा सांधा मिळवावा तसं,
कुठून गळू नये म्हणून दोनदा गिरवून.

उठला. टोपी घातली. दारापर्यंत गेला.
हा असाच वाजतो?
सहा वर्षं, म्हणाली ती, मालकाला सांगून थकले.
हवा अडकलीय आत.
किल्लीच्या जुडग्यातून एक छोटी पितळी किल्ली,
अर्धा फेरा, फुस्स,
काळं पाणी रुमालात टिपलं.
खोली एकदम गप्प.

तिने पर्स उघडली.
नंतर, म्हणाला तो, सवयीने.
नंतर नाही, म्हणाली रेनाटा,
अर्ज उद्या जातोय.
बसा. येण्याचं पान पुन्हा काढते.
माझ्या आडनावात वाय आहे.