पाच फूट

शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रेघांवर
खुर्च्या मांडल्यात. मी डावीकडच्या टेबलाशी,
इतिवृत्त लिहायला. सतरा वर्षं हेच करते :
कोण बोललं, बाजूने की विरोधात.
बाहेर सिएराचा डोंगर, सप्टेंबरात असतो तसा,
वाळलेल्या भाकरीच्या रंगाचा.

मसुदा चार पानांचा, गाभा एका ओळीचा :
भिंतीपासून पाच फुटांत पेट घेईल असं काही नको.
झुडूप नको, वेल नको,
दाराशी काथ्याचं पायपुसणंसुद्धा नको.
सॉरेल फ्लॅटमध्ये फूट पडली
ती नेमकी या पाच फुटांवरून.

प्रत्येकाला तीन मिनिटं.
हिरवा दिवा, पिवळा, मग लाल.

ऑटिली ब्रँडव्होल्ड, वय एक्याऐंशी, काठी टेकत आली.
तिच्या खिडकीखाली लायलॅक आहे,
नवऱ्याने लावलेला, पहिलं मूल गेलं त्या वसंतात.
हे ती बोलली नाही. मला ठाऊक आहे, गाव लहान आहे.
ती म्हणाली, मी त्याला रोज पाणी घालते.
ओलं झाड पेटतं का?
फायर मार्शल टोपी हातात फिरवत म्हणाला,
पेटतं, मॅडम. उशिरा पेटतं.
मी लिहिलं : एका रहिवाशाने सिंचनाविषयी शंका विचारली.

टेओफिला अरिआगा ट्रेलर पार्कातली.
आमच्या दोन ट्रेलरांमध्ये अंतर सात फूट, ती म्हणाली,
माझे पाच, शेजारणीचे पाच,
बेरीज तुम्ही करा.
जिम हसलं. ती हसली नाही.
आणि ते पाचही माझे नाहीत, मालकाचे आहेत,
दंडाची पावती मात्र माझ्या दाराला चिकटवाल.
हिरवा दिवा अजून हिरवाच होता.

मग कोणी विम्याच्या पत्राबद्दल बोललं,
कोणी सावलीबद्दल, कोणी उगाच वॉशिंग्टनबद्दल.

शेवटी कॉर्बिन हॅल्टर, वरच्या खोऱ्यातला.
म्हणजे तेव्हाचा. आता बहिणीच्या गॅरेजात राहतो.
आग पाऊण मैल लांब होती, तो म्हणाला,
आली ती फक्त ठिणगी, उडत.
भिंतीला टेकून माझा जुनिपर होता.
शेजाऱ्याची खिडकी दिसू नये म्हणून मीच लावलेला.
मग तो थांबला.
माइकने त्याचा श्वास सगळ्यांना ऐकवला.
अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या,
एक मिनिट दहा सेकंद आहेत अजून.
ठेवा तुमच्याकडे, तो म्हणाला.

बाजूने? विरोधात?
मी लिहिलं : वक्त्याने उर्वरित वेळ वापरला नाही.

मतदान पुढच्या महिन्यावर गेलं.

घरी आले, टॉर्च घेतला, शिवणाच्या डब्यातली टेप घेतली.
एक टोक भिंतीला दाबून धरायला कोणी नव्हतं,
त्यावर वीट ठेवली.
पाच फूट म्हणजे किती, तर आई आडवी झोपली असती
तर तिच्या पावलांपर्यंत.
आत काय काय आलं : रोझमेरी, कमरेइतकी, तेलकट.
मांजराची ताटली. रबरी नळीचं वेटोळं.
प्लॅस्टिकची कुंडी, आणि कुंडीखाली
रायलनसाठी ठेवलेली किल्ली.
चार हिवाळे झाले, तिच्यावर गंज चढलाय,
तरी कुंडी उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवली.

रोझमेरी रात्रीच कापली. अर्धी.
अर्ध्याला कुठला रकाना नाही.

सकाळी इतिवृत्त टाइप करताना बोटांना तोच वास.
दोन ओळी खोडल्या. नियमात बसत नाही,
कोणी वाचणारही नाही, तरी लिहिलं :

ऑटिली ब्रँडव्होल्ड यांनी विचारलं, ओलं झाड पेटतं का.
उत्तर मिळालं, पेटतं. उशिरा.
कॉर्बिन हॅल्टर एक मिनिट दहा सेकंद
आमच्याकडे ठेवून गेले.