रकाना पाचवा

यंत्र यायच्या आधी ही बाळंतिणींची खोली होती.
दर्यापूरच्या दवाखान्यात अजूनही एखादी म्हातारी
सीटीच्या दारात येऊन विचारते,
पोरगा का पोरगी?

सकाळी आल्याआल्या मी बाटल्या गरम पेटीत ठेवते.
औषध गार असलं की काकवीसारखं दाटतं,
बारीक शिरेत दाबलं तर शीर रुसते,
कातडीखाली सांडतं, हात फुगतो.
हे मला आधी पुस्तकानं सांगितलं,
मग येवद्याच्या एका पोरीच्या हातानं.

अर्जावर नऊ रकाने.
दमा. थायरॉईड. मूत्रपिंड. साखर, आणि तिच्या कोणत्या गोळ्या.
पाचवा : ॲलर्जी. हो किंवा नाही.

गुंफाबाई येऊल, वय एकसष्ट, अंजनगावहून,
बोटांना पानपिंपळीचा तिखट वास.
"आपल्याले काहाची अलर्जी वो बाई,
हे शयरातल्या लोकाइचं."
माझं पेन 'नाही'वर टेकतं.

क्रिएटिनिनचा कागद खालून यायचा होता.
कागद हातात नाही तोवर सुई नाही,
हाडोळे डॉक्टरांचा नियम.
लॅबमधला सुधीर चहाला गेलेला.
म्हणून वेळ होता, म्हणून मी बोलत बसले.

म्हटलं, औषध गेलं की अंगभर ऊन चढेल,
जिभेवर लोखंडाची चव येईल,
आणि खाली ओलं झाल्यासारखं वाटेल.
झालेलं नसेल. हलायचं नाही.
हे मी बायांना कानात सांगते.
पुरुषांना मोठ्यानं सांगते; ते हसतात,
आणि टेबलावर तेच आधी उठून बसतात.

गुंफाबाई हसली नाही.
"हे तं मले झालं होतं," म्हणाली,
"अमरावतीले. मुतखड्याच्या फोटोच्या वक्ती.
असंच ऊन ऊन लागलं, अन् मंग
आंगभर गांधी उठल्या, भाकरीएवढाल्या.
गळा आवळला. दोन सुया देल्ल्या तवा उतरल्या."

कधी?

"सून पोटुशी होती तवा. नातू आता सातवीत हाय."

पेन अजून 'नाही'वरच होतं.

इतकी वर्षं ती गांधी म्हणत होती
आणि आम्ही ॲलर्जी विचारत होतो.

डॉक्टर आले, दोनदा ऐकलं, खुर्ची ओढून तिसऱ्यांदा ऐकलं.
म्हणाले, आज हे औषध नको. साधाच काढू.
भागलं नाही तर सोनोग्राफी,
त्यानंही नाही तर अमरावतीला, पुऱ्या तयारीनिशी.
सून कुरकुरली, पहाटेपासून उपाशी आणलं म्हाताऱ्या माणसाले.
खरं होतं. माझ्या डब्यातली पोळी दिली,
गुंफाबाईनं अर्धी सुनेला दिली.

"काय असते त्या अवषदात?"
आयोडीन.
"मिठातलं? मंग मीठ सोडू?"
मीठ खा. मासळी खा. मिठाचा काही दोष नाही, मावशी,
खोड या औषधाशी आहे, तीही तुमची.
"आमची खोड," ती म्हणाली, आणि आता मात्र हसली.

कार्डावर लाल शाईनं लिहिलं, तिच्याच शब्दांत :
फोटोच्या औषधानं गांधी उठतात, गळा आवळतो.
खाली औषधांचं नाव, डॉक्टरांची सही.
कुठल्याही दवाखान्यात गेलात की आधी हे दाखवा,
मग कुठं दुखतं ते सांगा.
तिनं कार्डाची घडी घालून बटव्यात कोंबलं, चुन्याच्या डबीला चिकटून.
मी बाहेर काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं,
पुन्हा तिच्या हाती दिलं.

ती गेल्यावर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा घेतला
आणि पाचव्या रकान्याखाली पेन्सिलीनं,
वाकडंतिकडं, एकेका कागदावर लिहीत गेले :
गांधी उठल्या होत्या का कधी?

पुढचा पेशंट सुखदेव वानखडे, खल्लारचा, ट्रॅक्टरवाला.
दमा नाही. साखर नाही. काहीच नाही.
विचारलं, गांधी?
"कोनते, मॅडम? नोटीवरचे?"

पेन खाली ठेवलं.
खाज? सूज? अंगावर लाल चट्टे?
सुई घेतल्यावर कधी दम लागला होता?
सावकाश आठवा.
सुधीर अजून चहालाच आहे.