चावीवाला

"नमस्कार मंडळी, डाव्या हाताला बघा."
दर रविवारी आठ दहाला माझं इथून सुरू होतं.
माईक तोंडापासून चार बोटं लांब,
नाहीतर 'प' फुटतो
आणि 'पर्वत' म्हटलं की पोरं हसतात.

दोन डबे, वर काचेचं छत,
प्रत्येक सीटवर कचोरीचा खोका
आणि ऑफिसने छापलेलं पत्रक.
त्यात दरी चार वेळा 'नयनरम्य' आहे.
मी एकदाच म्हणते. उरलेल्या तीन वेळा
गप्प राहते, तेवढ्यात दरी येते.

आधी सालई, अंगाची सालपटं निघालेली,
मग धावडा, मग सागाची करकरीत पानं,
मग एकदम जमीनच नाही.
काळ्या खडकाचे थर खाली खाली,
तळाशी नदी. मार्गशीर्षात तिचे डोह उरतात,
ताटात राहिलेल्या वरणाएवढे.
सगळे उठून डावीकडे येतात.
डबा किंचित कलतो.
हे पत्रकात नाही.

या रविवारी नऊ नंबरला माझा बाप होता.
जंगलू मावसकर, चावीवाला, एकतीस वर्षं.
(एका बाईंनी विचारलं होतं, कुठल्या कुलुपाची?
कुलूप नाही हो. रूळ जागेवर धरायला
ठोकलेला लोखंडी तुकडा, तो म्हणजे चावी.
गाडी जाते, चावी गुंजभर बाहेर सरकते.
रोज कोणीतरी हातोड्याने तिला आत घालतो.)
पहाटे सहा किलोमीटर जाणं, सहा येणं,
मान खाली.
वाघाचा पंजा पाहिला त्याने, गिट्टीच्या कडेला,
कितीदा तरी.
बाकीचा वाघ वर कुठेतरी असेल.

नवा शर्ट, घडीच्या रेषा तशाच.
मांडीवर पिशवी. वर ठेवू म्हटलं, तर नको म्हणाला.
मला वाटलं, भाकरी आहे.

मोठा पूल आला. इथे मी म्हणते,
"आता श्वास रोखा."
परतवाड्याच्या डॉक्टरांनी रोखला, त्यांच्या दोन्ही मुलींनी,
दर्यापूरच्या नव्या जोडप्याने एकमेकांचा हात धरून.
बापाने डोळे मिटले.

मला राग आला. तीन महिने मागे लागून बसवलं होतं.

पूल सरला, तसं त्याने काचेवर बोट वाजवलं.
"शेवंते, उजव्या रुळाची चावी ढिल्ली हाये. आयकू आलं का?"
"बा, दरी पाहा ना."
"पायतो न व. आधी थे सांग कोणाले."
कोणाला? ठेकेदाराचा माणूस बुधवारी येतो,
तोही फोनवर.
गार्ड म्हणाला, काकांना अजून एक कचोरी द्या.

पुढच्या थांब्यावर वीस मिनिटं.
कठड्याशी उभं राहून लोक आपापली नावं ओरडतात,
दरी शेवटचं अक्षर तेवढं परत करते.
त्या सगळ्या गलक्यात, मागून, पुलाकडून,
ठण्.
समोरच्या कड्यावरून पुन्हा, ठण्.
नावं थांबली.

"तांबट!" डॉक्टरांची धाकटी म्हणाली,
तिच्याकडे पक्ष्यांचं पुस्तक आहे.
ठण्. ठण्.
मी माईक चार बोटं लांब धरला.
"तांबट नाही, बाळा. हा चावीवाला.
इथला जुना. आता एखादाच उरलाय.
सहसा पहाटे बोलतो."
तिने पुस्तकात शोधलं, पान पान,
मग मागच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहून घेतलं.
मी अडवलं नाही.

तो रुळांतून चालत आला, मान खाली,
पिशवी खांद्याला, कोपऱ्यातून दांडा बाहेर.

परतताना डावं ते उजवं होतं, माझ्या बोलण्यात तेवढाच फरक.
सगळी दरी त्याच्या काचेला घासत गेली,
त्याचं तोंड उघडं, झोपेत, कपाळ खिडकीला टेकलेलं.
पुलावर मी माईक बंद ठेवला
आणि पहिल्यांदा खालचं ऐकलं.

उतरताना विचारतो,
"पायली नाही दरी. खिडकीचे पैसे वापस भेटतीन का?"