भरीतचं रिकामं वजन

सावद्याला हायवेच्या कडेला माझा वजनकाटा.
केळीची गाडी आधी रिकामी तोलते, मग भरलेली.
दोन्हींतला फरक तेवढा माल,
बाकी सगळं लोखंड.

कुत्र्याचं नाव भरीत.
मिळाला त्या दिवशी काट्यावर पार्टी होती,
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फुटत होती
आणि हा त्या राखेतूनच निघाल्यासारखा,
वरून करपलेला, आत मऊ.

हाक मारली की यायचा नाही.
भरीत! भरीत! सतरा वेळा.
ट्रकवाले विचारायचे, ताई, आज जेवण आहे का?
आणि तो दहाचाकीच्या पोटाखाली पसरलेला.
मे महिन्यात सेहेचाळीस डिग्रीला
तेवढीच सावली, कबूल.
पण चावी फिरवायला ड्रायव्हरला किती वेळ लागतो?

म्हणून शिकवणारा शोधायला निघाले.

जळगावला एक सर. गॉगल.
बोर्डावर: एकवीस दिवसांत आज्ञाधारक, लेखी हमी.
बोट वर केलं की सहा कुत्री खाली.
मनात म्हटलं, वा.
मग सरांचा फोन वाजला, ते गेटाबाहेर गेले
आणि मी मोजत उभी राहिले, धंद्याची सवय.
अर्ध्या मिनिटात सहाच्या सहा उठली.
एक जण गळ्यातली काळी डबी
पंजानं ओरबाडत राहिला.
सर वजा केले. उरलं शून्य.

रुबाब तडवी यावलचे,
भुसावळच्या रेल्वे श्वानपथकातून रिटायर.
फोनवर म्हणाले, कुत्रं ऱ्हाऊ द्या, तुम्ही या.
गेले तेव्हा नमाजाला निघाले होते.
अंगणात म्हातारी कुत्री, तिला म्हणाले, थांब,
आणि गेले.
अर्धा तास ती उठली नाही,
फक्त शेपूट तेवढी
गल्लीच्या कोपऱ्याकडे बघत
अंगण झाडत होती.

चहा घेताना त्यांनी एवढंच विचारलं,
तुम्ही त्याला बोलावता कधी?
आंघोळीला, म्हटलं. साखळीला.
गोचीड काढायला. रागवायला.
"मंग मी असतो तर मी बी आलो नसतो, बाई."

शिकवणी लागली ती माझी.
घड बांधायची दोरी, तीस फूट.
कळण्याच्या भाकरीचे तुकडे खिशात.
हाक एकदाच. आला की तुकडा, आणि लगेच
जा, खेळ.
दुसरी हाक मारायची नाही,
दुसरीनं पहिलीचा भाव पडतो.
आधी काट्यामागे, मग बागेत,
मग बाजारात, मटणाच्या दुकानासमोर
तीनदा नापास.
दिवाळीपासून रामनवमी आली. एकवीस दिवस म्हणे!

मध्ये एकदा मी दोरीला हिसका दिला, जोरात.
रुबाबभाईंनी दोरी माझ्या हातातून काढून घेतली,
गुंडाळली, खुंटीला लावली.
त्या दिवशी चहाही घेतला नाही.
आठवडाभर मी भरीतला कशालाच बोलावलं नाही.
तोच येऊन पायावर हनुवटी ठेवायचा,
माझ्या खिशात काही नसताना.

काल सकाळी, पत्रा तापायच्या आत,
भरीतला काट्यावर बसवला, थांब म्हटलं
आणि लिंबामागे जाऊन लपले.
ड्रायव्हरांसाठी लावलेला लाल आकडा तिथून दिसत होता.
वीस.
(काटा दहाच्याच पटीत बोलतो,
सतरा किलो त्याला कळत नाही.)
खार गेली. वीस.
शेजारची मांजर मुद्दाम हळू गेली.
आकडा लुकलुकला. वीस.

तेवढ्यात रावेरकडून भरलेली गाडी.
हॉर्न. पुन्हा हॉर्न.
ड्रायव्हर खाली उतरला, अरे हट!
याचं त्याच्याकडे लक्षच नाही,
कान सगळे लिंबाकडे.

उठ हा शब्द एकट्या माझ्याकडे होता.
चप्पल तिथंच राहिली,
धावत आले,
कुणी हाक मारली नव्हती तरी.