सहा फूट जिना

मध्यंतरानंतर दाखवायचे तो ट्रेलर,
शेंगांची टरफलं पायाखाली वाजत असताना.
एक बाई जिना चढते. हातात कंदील.
वरून कुणीतरी हाक मारतं
आणि नाव नीट कळायच्या आत
पडद्यावर तिरकी अक्षरं : लवकरच येत आहे.

महिनाभर एवढंच.

नाशिकरोडला दुसरं बोलणं नव्हतं.
बिटको चौकातला पानवाला म्हणायचा, वर नवरा आहे.
देवळालीचा न्हावी म्हणायचा,
नवरा मेलाय, म्हणून तर कंदील.
कुमुदिनी एकोणीसचा पाढा म्हणता म्हणता थांबली :
"वर कुणी नसेलच तर गं?"
त्या रात्री मी वाळवणं आणायला
गच्चीवर गेले नाही. मार खाल्ला.

सिनेमा आला. शुक्रवारी तिन्ही खेळ फुल्ल.
अख्ख्या सिनेमात जिना नव्हता.
घर होतं, तेही बैठं.

शनिवारी नोटांच्या प्रेसमधला सखाहरी धात्रक
तिकिटाच्या खिडकीशी, मागे चाळीसेक माणसं.
"दिवसभर नोटा मोजतो मी.
एक कमी भरली तर गेटाबाहेर सोडत नाहीत.
तुमच्यात जिना कमी आहे.
जिना द्या, नाहीतर सव्वा रुपया द्या."

दादा, म्हणजे ऑपरेटर केरू पगारे,
कार्बनच्या कांड्या बदलत होते.
मॅनेजरचं सगळं ऐकून घेतलं, बोलले काहीच नाहीत.
ट्रेलरचं रीळ उतरवलं,
दाढीच्या पात्यानं जिना कापून काढला.
सहा फूट. पडद्यावर चार सेकंद.
जोडावर फुंकर मी घातली.
ॲसिटोनचा तो वास
मला अजून कुठल्याही अत्तरापेक्षा लवकर ओळखू येतो.

नवव्या रिळात कोर्ट आहे.
न्यायाधीश निकाल द्यायला तोंड उघडतो
आणि बाई जिना चढते.
रिळावर चित्र आणि आवाज शेजारी बसत नाहीत,
आवाज जरा मागून येतो,
त्यामुळे जिना संपून गेल्यावर
हाक आली ती न्यायाधीशाच्या उघड्या तोंडातून.
मग तो म्हणाला, आरोपी निर्दोष.

शिट्ट्या. पडद्यावर चिल्लर.
सखाहरी डोळे पुसत बाहेर आला,
म्हणाला, "आता बसला हिशोब."

रीळ पुढे सिन्नरला गेलं, येवल्याला गेलं,
जिन्यासकट. कुणी तक्रार केली नाही.
आमच्याकडे उरला तो ट्रेलरचा थोटका तुकडा,
ज्यात कुणीच नाही,
नुसतं लवकरच येत आहे.

पुढं कधीतरी, सायकलची चेन बसवताना,
मी दादांना विचारलं, वर कोण होतं?
"मला काय ठाऊक?
तो जिना दुसऱ्याच कुठल्या सिनेमाचा असणार.
ट्रेलर जोडणाऱ्यानं हाताला लागला तो लावला."
मग तो सिनेमा?
दादांनी काळे हात चिंधीला पुसले.
"तो नाशिकरोडला लागला नाही."