अभ्रक

दूध तापतं,
पण आत उजवीकडे निळी ठिणगी तडतडते
आणि घरभर जळक्या केसांसारखा वास.

जेल रोडहून बोरस्ते आले. चालवून बघितलं, प्लग काढला,
मागचा पत्रा उघडला, म्हणाले,
"हात लांब, वहिनी.
बंद केलं तरी कपॅसिटर धरून ठेवतो."
रबरी मुठीचा पेचकस टेकवला.
टक्.
दारातले हे दचकले.

अभ्रकाच्या तुकड्याला मधोमध काळं भोक,
कडेला कधीचं वाळलेलं वरण.
"रोज ओलं फडकं फिरवा,"
आणि मग, नवा अभ्रक कात्रीने कापता कापता,
"स्टीलची वाटी ठेवली होती का कुणी?"

मी यांच्याकडे बघितलं.
हे खिडकीतून प्रेसच्या भिंतीकडे,
जिथून सुटून आता तीन वर्षं झाली.

बोरस्त्यांनी पुन्हा विचारलं नाही.
पेलाभर पाणी ठेवलं, एक मिनिट लावलं.
आम्ही तिघं काचेत बघत उभे,
ताट फिरतंय, ठिणगी नाही.

अडीचशे झाले. द्राक्षं दिली थोडी.

रात्री वाढताना बघते तर
स्टीलच्या सगळ्या वाट्या
वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे,
माझा हात पोचणार नाही अशा.